पौषातला दवणा

जयवंता माळीण भातकुलीहून फुलं घेऊन यायची, ती आमच्या मागच्या दाराला. राजापेठेतल्या आमच्या घराला दोन दारं. पुढच्या दारातून उत्तमराव ऑफिसात जात, पाहुणे येत, पत्रं येत. मागच्या दारातून गवऱ्या, भाजी, मोलकरीण आणि जयवंता. देव पुढच्या खोलीत बसवलेले होते, त्यामुळे तिच्या टोपलीतल्या फुलांना पुढं जायची मुभा होती, टोपली आणणारीला नव्हती. याचं कोणाला काही वाटत नसे. मलाही नाही. मी या घरची धाकटी सून, माणिक. कशाचं काही वाटून घ्यायचं नाही, हे मला माहेरूनच शिकवून पाठवलं होतं.

जयवंता उंच, काळी, हाडापेरानं दणकट. बोलणं असं की पुण्याच्या माणसाला वाटावं, भांडण लागलं. "फुलं ताजी हायेत का व?" असं कोणी विचारलं की म्हणायची, "नाई, तुमच्यासाठी खास शिळी राखून ठेवली." अशा बाईचं गिऱ्हाईक तुटायला हवं. पण अर्धी अमरावती तिच्याकडूनच फुलं घ्यायची, आणि आठवड्यातून एकदा बडनेऱ्याहून पॅसेंजरनं ती अकोल्यालाही टोपली घेऊन जायची. अकोल्यात काय फुलं उगवत नव्हती? उगवत होती. पण जयवंताच्या टोपलीच्या तळाशी फुलांशिवाय आणखी काहीतरी असायचं.

तिचा नवरा नत्थुजी तरुणपणी मेळघाटाच्या पायथ्याला तिखाडीच्या भट्टीवर कामाला होता. तिखाडी म्हणजे आपल्या डोंगराकडचं गवत. फुलोऱ्यावर आलं की कापायचं, तांब्याच्या मोठ्या डेगीत कोंबायचं, खालून जाळ घालायचा. वाफ थंड झाली की पाण्यावर तेल तरंगतं. वास गुलाबासारखा, पण गुलाबाला जरा राग आलेला असावा तसा. हे तेल मुंबईला जायचं, तिथून साहेबांच्या देशात, आणि तिथल्या मडमा ते अंगाला लावायच्या म्हणे. कापणाऱ्या, जाळ घालणाऱ्या आपल्या बायांच्या अंगाला फक्त धूर लागायचा. जयवंता नऊ वर्षं त्या भट्टीवर राबली. पुढं नत्थुजींच्या छातीनं जवाब दिला आणि दोघं भातकुलीला परत आले. तेव्हापासून नत्थुजी खाटेवर बसून जगाला सल्ला देण्याचं काम करत, आणि जयवंता उरलेली सगळी कामं करी.

टोपलीच्या तळाशी असायची ती बोटभर उंचीची बाटली. तिळाच्या तेलात वाळ्याची मुळं महिनाभर भिजवलेली, त्यात तिखाडीचे मोजके थेंब आणि जरासा गुलाब. ही बाटली तरण्या पोरींसाठी नव्हती. ज्यांची पाळी जायला लागली आहे, ज्यांच्या अंगातून अचानक भडका उठतो, मान भिजते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही आणि दिवसा ताक घुसळता घुसळता उगाच रडू येतं, अशा बायकांसाठी होती. या दुखण्याला आपल्याकडे नाव नव्हतं. नाव नाही म्हणजे दुखणं नाही, हा पुरुषांचा हिशोब. नावं मग तेच ठेवायचे: डोकं फिरलं, अंगात आलं, बाहेरची बाधा झाली.

बाटली मागायची एक रीत होती. दवणा फक्त चैत्रात मिळतो, देवीला वाहायला. म्हणून एखादी बाई पौषात किंवा श्रावणात मागच्या दारी येऊन म्हणाली, "जयवंता, पुढच्या खेपेला दवणा आणजो," की जयवंता ओळखायची. पुढच्या खेपेला फुलांच्या पुडीत बाटली यायची. अवेळी दवणा मागणाऱ्या बायका एकमेकींना मात्र ओळखत नव्हत्या. प्रत्येकीला वाटायचं, अख्ख्या वऱ्हाडात जळणारी आपण एकटीच.

मी एकदा तिला विचारलं, "खरंच गुण येते का व तुह्या तेलानं?"

"भडका काही थांबत नाई," ती म्हणाली. "झोप लागते. कोनाले लागते, कोनाले नाई लागत. पाय मांडीवर घेऊन चोळते ना मी, तवा बाई बोलते. बोलली का हलकी होते. आता थे तेलानं होते का बोलल्यानं, मले काय ठाऊक? मी काय डाक्टर हाओ?"

जगात औषध विकणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि म्हणूनच तिच्यावर माझा विश्वास बसला.

ती हे कशापायी करत होती तेही तिनं त्याच दिवशी सांगितलं. तिची थोरली बहीण पंचेचाळिशीत अशीच बेचैन झाली होती. रात्री उठून अंगणात जाऊन बसायची, थंड जमिनीवर निजायची. घरच्यांनी भगत बोलावला. भगतानं भूत ओळखलं, भगत नेहमीच ओळखतो. कोंडून मिरच्यांची धुरी दिली, तीन दिवस. भूत गेलं की नाही कोणास ठाऊक, बाईचे दोन्ही डोळे गेले. "तिले कोनीच इचारलं नाई का बाई, तुले काय होऊन रायलं?" जयवंता म्हणाली. तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा खाली आलेला मी ऐकला. मला त्या भगताचा इतका संताप आला की हातातली परडी मी जमिनीवर आपटली. फुलं मग आम्ही दोघींनी वेचली.

आता आमच्या घरात काय झालं ते सांगते.

उत्तमराव माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. सरकारी ऑफिसात हेडक्लार्क. आमच्यात भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर खाली येता कामा नये आणि तोंडातून शब्द बाहेर येता कामा नये. मी ती रीत तोवर अठरा वर्षं पाळली होती. त्यामुळे ऐकण्याची सवय चांगली झाली. उत्तमरावांना वासाचा भारी शौक. हिवाळ्यात हिन्याच्या अत्तराचा फाया, उन्हाळ्यात वाळ्याचा, कानाच्या पाळीत खोचल्याशिवाय ऑफिसात जायचे नाहीत. ऑफिसात तर उन्हाळाभर खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, आणि त्यांच्यावर पाणी शिंपडायला एक चपराशी. सरकारी अंगाला उकडलेलं चालत नाही. पण बाईमाणसानं तेलाला वास लावला की तिची चाल बिघडते, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे त्यांच्या बायकोच्या, माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या, डोक्याला जन्मभर सरकीचं तेल.

पार्बताबाई त्यांचं नाव. चार मुली झाल्या, चारी उजवल्या, थोरलीचा मुलगा शाळेत जायला लागला. मुलगा एकही नाही. ही गोष्ट उत्तमराव दिवसातून एकदा तरी बोलून दाखवत, जणू पार्बताबाईंनी तो कुठंतरी लपवून ठेवला आहे. महिन्याचे चार दिवस बाहेर बसायला मिळायचं, तेवढीच त्यांची हक्काची रजा. साठ साली दिवाळीत पाळी चुकली आणि रजाही बंद झाली.

वऱ्हाडचा उन्हाळा असता तर कोणाला काही कळलंच नसतं. उन्हाळ्यात इथं सगळेच भाजतात, त्यात एका बाईची आग कोण वेगळी काढणार? पण तो पौष होता. आम्ही सगळे शेगडीला चिकटून बसलेलो, आणि पार्बताबाई पदरानं वारा घेत होत्या. मध्येच चिडायच्या. एकदा भाकरी थापता थापता परात ढकलून दिली आणि स्वतःच रडायला लागल्या. उत्तमरावांनी आधी बाधा ठरवली. मग एका सकाळी पार्बताबाईंना मळमळून उलटी झाली, आणि त्यांनी निकाल फिरवला. बायकोला दिवस गेले!

शेचाळिसाव्या वर्षी. पण उत्तमरावांना एकदा वाटलं की ते झालंच, फायलीवर शेरा मारल्यासारखं. लेडी डॉक्टरला दाखवू या, असं माझ्या नवऱ्यानं, पंजाबरावांनी, सुचवून पाहिलं. "नजर लागते," उत्तमराव म्हणाले. विषय संपला.

कोणी पार्बताबाईंना विचारलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोक म्हणाले, तिनं खोटं सांगितलं. तिनं काहीच सांगितलं नव्हतं. आमच्या घरात बाईला सांगायची पद्धत होती, विचारायची नव्हती.

यात आणखी एक मेख होती. अकोल्याला उत्तमरावांची थोरली बहीण दुर्गाबाई दिलेली. तिनं भावाच्या वंशाच्या काळजीनं तिकडंच एक बावीस वर्षांची मुलगी बघून ठेवली होती. दुसरं लग्न आता कायद्यात बसत नाही, हे उत्तमरावांना ठाऊक होतं. पण त्यांची समजूत अशी की कायदा नोकरीवाल्याला असतो. एप्रिलअखेर ते रिटायर होणार होते, म्हणजे कायदाही रिटायर. तेव्हा घरातलं गणित सरळ होतं. पार्बताबाईंना मुलगा झाला तर त्या राहतील, नाही झाला तर वैशाखात अकोल्याची येईल आणि पार्बताबाई भातकुलीच्या शेतातल्या खोपडीत राहायला जातील. खोपडी शाकारायला माणूसही सांगून झाला होता. हे मला दाराआडून कळलं होतं, पार्बताबाईंना समोरून.

आणि तोवर? तोवर त्यांची चैन चालली होती. साजूक तुपातला शिरा, डाळिंबं, दुपारची झोप. उत्तमराव ऑफिसातून आल्यावर विचारायचे, "जेवली का?" अठरा वर्षांत हे दोन शब्द त्या घरात मी ऐकले नव्हते. पार्बताबाईंचं पोटही जरा पुढं आलं. रोज तुपातला शिरा मिळाला असता तर माझंही आलं असतं.

फाल्गुनात उत्तमरावांनी डोहाळजेवण काढलं. खुर्चीवर आहे तोवरच ऑफिसातले सगळे बायकांना घेऊन येतील, हा त्यांचा हिशोब, आणि तो बरोबर होता. फुलांची वाडी भरायची, म्हणजे मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळे दागिने फुलांचे. काम अर्थातच जयवंताला. आठ दिवस आधी ती माप घ्यायला आली. त्या दिवशी पहिल्यांदा तिला माजघरात घेतलं.

तिनं दोऱ्यानं गळा मापला, दंड मापले. मी दोरा धरून होते. नमुना म्हणून आणलेला निशिगंधाचा गजरा तिनं पार्बताबाईंच्या मनगटाला बांधला आणि तेवढ्यात भडका आला. मानेपासून कपाळापर्यंत लाल लाट चढली, घाम फुटला, पाठ भिजली. जरा वेळानं त्या गारठून काकडायला लागल्या. जयवंतानं मनगट सोडलं नाही. गजऱ्याच्या कळ्या पार मलूल झाल्या होत्या.

"कवापासून, बाई?" तिनं हळूच विचारलं.

"दिवाळीपासून."

"रात्री झोप?"

"नाई लागत."

"पोटात काई हालते?"

पार्बताबाईंनी दाराकडं पाहिलं. मी दार लोटून घेतलं.

"तुमाले ठाऊक हाय," जयवंता म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"चार लेकरं झाली मले," पार्बताबाई म्हणाल्या. "मले नाई ठाऊक असन त कोनाले असन? पन जयवंता, तीस वर्षांत पयल्यांदा या घरात मले कोनी इचारलं, जेवली का म्हून. मले वाटलं, अजून दोन दिवस इचारू दे. मंग सांगतो. दोनाचे चार झाले, चाराचे चाळीस झाले."

त्या रडल्या नाहीत. रडले मी. ज्या बाईच्या हाताखाली मी अठरा वर्षं भाकरी थापल्या, तिला मीही कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, मोठी आहे, जेवली असेल.

जयवंतानं बाटली काढली, पार्बताबाईंचे पाय मांडीवर घेतले आणि तळवे चोळायला लागली. तिखाडीचा तो रागावलेला गुलाब माजघरभर पसरला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण पार्बताबाई भिंतीला टेकल्या, डोळे मिटले आणि बोलायला लागल्या. दिवाळीपासून साठलेलं सगळं बोलल्या. मग तिथंच अर्धा तास झोपल्या.

पार्बताबाई उठल्यावर जयवंता म्हणाली, "बाई, मी सांगनार नाई. तुमचं तुमी सांगा, नाई त नोका सांगू. पन आज सांगसान त एक दिवसाची बोंब होईन. नऊ महिने भरल्यावर कळन, त जनमभराची."

"सांगितलं त वैशाखात थी अकोल्याची येईन."

"नाई सांगितलं त आखाडात येईन. फरक चार महिन्याच्या शिऱ्याचा हाय."

अशी ही बाई. दुसरी कोणी असती तर मोठ्या घरचं वाडीचं काम आणि वरचं लुगडं-चोळी पदरात पाडून गप्प बसली असती.

डोहाळजेवणात एक खेळ असतो. दोन झाकलेल्या वाट्या ठेवायच्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. बाईनं एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. उत्तमरावांनी पंजाबरावांकरवी मला निरोप धाडला, दोन्ही वाट्यांखाली पेढेच ठेवा. नशिबालासुद्धा त्यांनी वरून लेखी हुकूम दिला. मी उजव्या वाटीखाली पेढा ठेवला. डावीखाली काय ठेवायचं ते जयवंतानं माझ्या हातात दिलं आणि पार्बताबाईंच्या कानात सांगितलं, "उजवीकडं पेढा हाय. डावीकडं बाटली हाय. तुमाले वाटन थे उचला. मी जबानीची बाई हाओ, पेढा उचलला तरी मी तोंड उघडनार नाई."

त्या दिवशी माजघरात चाळीसएक बायका बसल्या होत्या. ओसरीवर पुरुष, आणि मधल्या दाराशी कानात हिन्याचा फाया घालून उत्तमराव. अकोल्याहून दुर्गाबाई आली होती, नाकात मोठी नथ आणि तोंडावर सगळ्यांचं भलं करून दमल्याचा भाव. वाडी अशी सुंदर झाली होती की पार्बताबाई जुन्या देवीसारख्या दिसत होत्या. शेवंती, निशिगंध, आणि मुकुटात नव्या मोगऱ्याच्या कळ्या. पाळणे म्हणून झाले, उखाणे झाले. मग मी ताट पुढं ठेवलं.

पार्बताबाईंनी दोन्ही वाट्यांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. दारातून उत्तमराव म्हणाले, "उचल नं, उचल. पेढाच निंघते."

त्यांचा हात आधी उजवीकडं गेला. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, उचलू दे पेढा. चार महिने तर चार महिने. मग त्यांनी हात मागं घेतला आणि डावी वाटी उघडली.

बाटली. पार्बताबाईंनी तिचं बूच काढलं, सावकाश, सगळ्यांदेखत दोन थेंब तळहातावर घेतले आणि मानेला लावले. म्हणाल्या, "लेकरू नाई हाय. माही पाळी गेली. दिवाळीपासून गेली."

वास पसरला. पहिल्या ओळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. आणि मला दिसायला लागलं की बायकांचे चेहरे बदलताहेत. ऑफिसातल्या नाझरांच्या बायकोनं चटकन मान वर केली. कोपऱ्यातल्या दोन म्हाताऱ्या होत आलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पटकन नजर खाली घातली. दहाजणी असतील, बाराजणी असतील, तो वास ओळखणाऱ्या. आणि प्रत्येकीला त्याच क्षणी कळलं की बाकीच्याही ओळखतात. आधी कोणीतरी फुसकन हसलं. मग दुसरी. मग नाझरांची बायको पदर तोंडात कोंबून हसता हसता रडायला लागली.

"हे काय नाटक हाय?" दारातून उत्तमराव ओरडले. "थी बाटली कोनं ठेवली?"

मी पदर पुढं ओढून गप्प उभी राहिले. भासऱ्यांसमोर बोलायचं नाही, ही रीत त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या कामी आली.

आता सगळ्यांचं लक्ष दुर्गाबाईकडं. वंशाची काळजी तिची, अकोल्याची मुलगी तिची, तेव्हा निकाल तिच्याच तोंडून यायचा. ती उठली. पार्बताबाईंसमोर जाऊन बसली, बाटली हातात घेतली, नाकाशी नेली. मग दाराशी अंग चोरून उभ्या असलेल्या जयवंताकडं पाहून खणखणीत आवाजात म्हणाली, "जयवंता, सोमवारी अकोल्याले येशीन त मले दवणा आणजो. माहा सरला."

फाल्गुन चालू होता. चैत्राला अजून पंधरा दिवस होते.

बायकांत जो कल्ला उठला तो ओसरीवरच्या पुरुषांना समजेना. कोणी म्हणालं, जुळं निघालं वाटते. दुर्गाबाई दाराकडं वळली. "उत्तम, पाव्हन्यायले जेवाले बसव. थ्या पोरीच्या बापाले मी सांगतो का आमच्या इथी जागा खाली नाई. आन् खोपडी शाकारली असन त तथी तू राय. रिटायर होऊन रायला नं? हवा चांगली हाय तथली."

"पन अक्का, तूच त म्हने..."

"म्हने. मलेबी कोनी इचारलं नव्हतं तवा." आणि तिनं पार्बताबाईंचा मुकुट सरळ केला.

वाडी उतरवायची की ठेवायची, असा प्रश्न निघाला. लेकरू नाही तर वाडी कशाची? तेव्हा जयवंता म्हणाली, "कावून उतरवता? तुमचा मानूस तीस वर्षं कुर्सीवर बसला का त्याले हार घालता, भाषन करता. या बाईनं बत्तीस वर्षं दर महिन्याले हजेरी लावली. तिले एक वाडीबी नाई?" बायकांना पटलं. नाझरांच्या बायकोनं तर ओटीसुद्धा भरली, आणि अशी ओटी भरायची असते का, हे कोणी पोथीत बघायला गेलं नाही.

एप्रिलच्या शेवटी उत्तमराव रिटायर झाले. हार, भाषणं, कानात फाया, सगळं यथासांग झालं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना झोप येईना, अंगाची आग होई, उगाच चिडत, उगाच डोळे भरून येत. बाधा झाली असं कोणी म्हटलं नाही, धुरी कोणी दिली नाही. पार्बताबाईंनी बाटली त्यांच्या उशाशी ठेवून दिली. वाळ्याचा वास आहे म्हणून त्यांनी ती ठेवून घेतली.

खोपडीत कोणीच गेलं नाही. पार्बताबाईंचे भडके पुढं तीनेक वर्षं राहिले आणि हळूहळू विझले. तेलानं की काळानं, मला ठाऊक नाही. जयवंतालाही नव्हतं, आणि तिनं ते कधी लपवलं नाही. अमरावतीत बायका आता दवणा मोठ्यानं मागायला लागल्या, एवढं मात्र तेलाचं श्रेय.

जयवंताची एकच गोष्ट सांगायची राहिली. डोहाळजेवणानंतरच्या पहिल्या गुरुवारी ती नेहमीसारखी मागच्या दारी आली, भातकुलीहून उन्हातनं, टोपली घेऊन. पार्बताबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी टोपलीकडं पाहिलंच नाही. म्हणाल्या, "जयवंता, जेवली का व?"

सगळ्या गावाला तोंडावर उत्तर देणारी ती बाई. टोपली तशीच डोक्यावर धरून उभी राहिली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, मानेवर लाल लाट चढत होती, आणि मला त्या क्षणी कळलं की ती उन्हाची नव्हती. तीही पंचेचाळिशीचीच होती. इतक्या बायकांचे पाय मांडीवर घेतले तिनं, आमच्यातल्या एकीनंही तिला काही विचारलं नव्हतं.

"नाई," ती म्हणाली, आणि पायरीवर बसली.

पार्बताबाईंनी तिच्या डोक्यावरची टोपली उतरवली आणि तिला पुढच्या खोलीत नेऊन पानावर बसवलं. मी भाकरी वाढली.